पन्नास अक्षरं

स्नेहा वरठाला गणितात शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण मिळाले, तेव्हा उषा घोरपडेला आनंद व्हायला हवा होता. गणित तीच शिकवत होती. पण निकालाचा कागद हातात घेऊन ती बराच वेळ त्या एकाच ओळीकडे बघत राहिली. आदल्या रविवारी याच मुलीला चोपन्न होते. त्याआधी बावन्न.

नरहरी सरांचा क्लास बोईसर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, औषधांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होता. बारावीची मुलं इथे इंजिनीअरिंगच्या सीईटीची तयारी करत. दर रविवारी वीस कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये सराव परीक्षा व्हायची, अगदी खऱ्या सीईटीसारखी. उषाचा नवरा अणुकेंद्रात नोकरीला. कराडहून इथे येऊन तिला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा तिने याच क्लासमध्ये फळ्यापुढे काढली होती. कोणतं मूल किती पाण्यात आहे हे आपल्याला बरोबर कळतं, असं तिला वाटायचं.

स्नेहाबद्दलही तिचा अंदाज झालेला होता. मुलगी विक्रमगडच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यावरची. बाप भिका वरठा डोंगरउतारावर भात आणि नागली घ्यायचा आणि दिवाळीनंतर बायकोला घेऊन भिवंडीकडे कामाला जायचा. स्नेहा पालघरच्या सरकारी वसतिगृहात राहून शिकत होती. दरवर्षी वसतिगृहातल्या दोन मुलींना सर फी न घेता क्लासला बसवायचे, त्यातली ती एक. शांत, शेवटच्या बाकावरची, प्रश्न न विचारणारी. वह्या नीटनेटक्या. 'साठपर्यंत जाईल,' असं उषाने मनात लिहून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी स्नेहाला शहाण्णव मिळाले.

उषाने त्या परीक्षेचे रफ कागद मागवून घेतले. परीक्षेत प्रत्येकाला कोरे कागद दिले जात आणि शेवटी ते परत घेतले जात. स्नेहाच्या कागदावर आकडेमोड होती, पण पन्नास प्रश्नांना पुरेल एवढी नक्कीच नव्हती. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरात, पाच ओळी होत्या. प्रत्येक ओळीत दहा अक्षरं. सी, ए, ए, डी, बी... नुसती अक्षरं. गणिताचे प्रश्न पन्नास आणि ही अक्षरंही पन्नास.

उषाने दार लावून घेतलं आणि ती अक्षरं स्नेहाच्या उत्तरांशी ताडून बघितली. दोन सोडून सगळी जुळली. म्हणजे मुलगी पेपर सोडवायच्या आधीच उत्तरं घेऊन बसली होती, आणि संशय येऊ नये म्हणून दोन मुद्दाम चुकवली होती. दोनच. शहाणी आहे, असं उषाच्या मनात आलं आणि ते कौतुक नव्हतं.

मग उत्तरं आली कुठून? पेपर उषा स्वतः काढायची आणि पेन ड्राइव्हवर विजया दुमाडाकडे द्यायची. विजया लॅब सांभाळायची. बोईसरजवळच्या बेटेगावची, तिशीची, बीएस्सी कॉम्प्युटर झालेली. गुरुवारी ती पेपर मशीनवर चढवायची आणि लॅबच्या किल्ल्या तिच्याकडेच असायच्या. चार वर्षांत तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण आता उषाला एकेक गोष्ट आठवू लागली. विजयाही आदिवासी, स्नेहाशी त्यांच्या बोलीत बोलते. परीक्षा संपल्यावर दोघी मागे रेंगाळतात. एकदा डबाही वाटून खाल्ला होता. आपल्यातल्या पोरीला हात द्यावा असं कोणालाही वाटणारच, उषाने स्वतःशी म्हटलं, आणि हा विचार इतक्या सहज आला की तो कुठून आला हे तिने पाहिलंच नाही.

त्या आठवड्यात ती नजर ठेवून राहिली. रजिस्टर चाळताना तिला आणखी एक गोष्ट सापडली. मुलं आपापली जागा धरून बसायची, पण स्नेहा मात्र दर रविवारी एक खुर्ची पुढे सरकत होती. आठ नंबर, मग नऊ, मग दहा. हे कशासाठी? खिडकीजवळ जायला? कॅमेऱ्यापासून लांब? उषाने लॅबमध्ये जाऊन आठ, नऊ आणि दहा नंबरच्या खुर्च्यांवर बसून पाहिलं. तिथून काही वेगळं दिसत नव्हतं.

"काही हवंय का मॅडम?" विजयाने दारातून विचारलं.

"काही नाही. माऊस नीट आहेत का बघत होते."

"सात नंबरचा गेला होता मागे. बदललाय मी."

विजयाचा आवाज नेहमीसारखा होता. उषाला तोही जास्तच नेहमीसारखा वाटला.

बुधवारी संध्याकाळी ती भाजी घेऊन स्टेशनच्या पुलावरून येत होती. खाली फलाटावर विजया आणि स्नेहा बाकावर बसलेल्या दिसल्या. विजयाने पिशवीतून कागदांची जाडसर चळत काढून स्नेहाला दिली. स्नेहाने ती दप्तरात घातली आणि दप्तर छातीशी धरलं. गाडी येईपर्यंत विजया थांबली. उषा पुलावरच कठड्याला टेकून उभी राहिली, गाडी पालघरच्या दिशेने निघून जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने नरहरी सरांना सगळं सांगितलं.

सर आधी हसले. "अहो, मार्क वाढले तर बॅनरवर फोटो लावायचा. त्यात रडायचं काय?"

"सीईटीला चोपन्नच येणार आहेत तिला. मग बॅनरवर काय लावाल?"

सरांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या बोलवा दोघींना. पण आधी मुलीची परीक्षा घ्या. तुमच्या हाताने लिहिलेला पेपर. मशीन नको."

उषाने गुरुवारी दुपारी घरी बसून पंचवीस प्रश्न काढले. कोणालाही दाखवले नाहीत, झेरॉक्सही काढली नाही. शुक्रवारी स्नेहाला सरांच्या केबिनमध्ये एकटीला बसवलं आणि समोर स्वतः बसली. स्नेहाने पेपर बघितला, मग उषाकडे बघितलं. बहुतेक कळलं असावं.

तासाभराने तिने कागद दिला. पंचवीसपैकी सोळा बरोबर. उषाला वाटलं होतं त्याहून ते बरेच जास्त होते. एक प्रश्न तर स्नेहाने वेगळ्याच रीतीने सोडवला होता, अर्ध्या ओळीत, आणि ती रीत उषाने वर्गात कधी शिकवली नव्हती. तरीही उषाच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही रीत हिला कोणी सांगितली?

तिने रफ कागद टेबलावर ठेवला. "ही अक्षरं कसली?"

स्नेहाने कागदाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"स्नेहा, मी विचारतेय."

एवढ्यात सर केबिनमध्ये आले. सरांनी विजयाला आत बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या हातात पेचकस होता, कुठलंतरी मशीन उघडून बसली असणार.

"विजयाताई, सरळ विचारतो," सर म्हणाले. "रविवारचे पेपर बाहेर जातायत का?"

"कुठे बाहेर?"

"हिच्याकडे."

विजयाने स्नेहाकडे बघितलं, मग टेबलावरच्या कागदाकडे. "मी दिले असं म्हणायचंय?"

"परवा स्टेशनवर तुम्ही हिला कागद दिलेत," उषा म्हणाली. "मी पाहिलंय."

"माझ्या कॉलेजच्या नोट्स होत्या त्या. प्रोग्रॅमिंगच्या. हिला कॉम्प्युटरला जायचंय. पहिल्या वर्षाला काय असतं ते विचारत होती, म्हणून दिल्या." विजयाने क्षणभर थांबून विचारलं, "तुम्ही पुलावरून बघत होतात?"

स्नेहाने दप्तर उघडून ती चळत टेबलावर ठेवली. पिवळी पडलेली पानं, पहिल्या पानावर विजयाचं लग्नाआधीचं नाव. सरांनी दोनचार पानं उलटली.

"नोट्समध्ये दुसरा कागदही घालता येतो," उषा म्हणाली.

मग विजयाने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. आवाज न करता.

"सर, एक आठवडा तुम्हीच बघा लॅब. मी नसताना काय होतं ते कळेल."

ती दाराकडे वळली आणि तेव्हा स्नेहा उठून उभी राहिली.

"विजयाताईंनी काय नाय केलं."

"मग कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"कोनी नाय. मशीनच सांगतो."

सरांनी उषाकडे बघितलं. उषाला खरं तर राग आला. पकडली गेल्यावर मशीनवर ढकलतेय, असं तिला वाटलं.

"दाखव," ती म्हणाली.

"या रविवारचा पेपर मशीनवर चढवलाय ना ताईंनी? मी तो बघितला नाय. मी या रविवारी अकरा नंबरवर बसनार व्हते. अकराची अक्षरं लिहून देते. मग तुमी मशीन उघडा."

चौघंही लॅबमध्ये गेली. स्नेहाने पांढऱ्या फळ्यावर डोळे अर्धवट मिटून, ओठ हलवत, पाच ओळी लिहिल्या. सी, ए, ए, डी, बी... उषा जुन्या रफ कागदाशी ताडून बघत होती. तीच अक्षरं. अगदी तीच. पण तो पेपर मागच्या रविवारचा होता आणि हा नवा होता. या रविवारचे प्रश्न उषाने मंगळवारी काढले होते, म्हणजे ही अक्षरं कागदावर आली तेव्हा ते प्रश्न नव्हतेच.

"ताई, अकरा नंबर उघडा," सर म्हणाले.

विजया दारातच उभी होती. ती येईल की नाही असं क्षणभर वाटलं. मग ती येऊन बसली, पासवर्ड टाकला, परीक्षकाचं पान उघडलं आणि एकेक प्रश्नाचं बरोबर उत्तर मोठ्याने वाचू लागली.

"सी. ए. ए. डी."

सर फळ्यावर बोट ठेवून पुढे पुढे जात होते. पन्नासावं अक्षर वाचून झाल्यावर विजयाने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"अग, कसं काय?" तिने स्नेहाला विचारलं. आवाजात रागापेक्षा कुतूहल जास्त होतं.

स्नेहा तिच्याशीच बोलली, बाकी दोघं तिथे नसल्यासारखी. परीक्षेनंतर पडद्यावर बरोबर उत्तरं दिसायची, ती स्नेहा वहीत उतरवून घ्यायची, हॉस्टेलवर मैत्रिणीबरोबर चुका शोधायला. जानेवारीत सात नंबरचा माऊस बिघडला, म्हणून ती आठवर बसली. त्या रात्री दोन्ही रविवारांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर अक्षरं सारखी. प्रत्येक खुर्चीला मशीन पर्यायांचा क्रम वेगळा लावायचं. प्रश्न वेगळे, पण बरोबर उत्तर कितव्या जागी बसवायचं याची यादी तीच. सातवर होती ती पुढच्या आठवड्यात आठवर गेली होती.

"तुमीच सांगितलं व्हतं ना ताई, मशीनला मनाला येईल तसं करता येत नाय. त्याला कायतरी हिशोब लागतोच. मला वाटलं, बघू नऊवर बसून."

"आणि बघितलंस."

"बघितलं. चौऱ्यान्नव आले. मंग..." ती थांबली. "मंग दुसऱ्यांदा बघायला नव्हतं. दुसऱ्यांदा वापरलं."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" उषाने विचारलं.

स्नेहाने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "सांगितलं असतं तर तुमी काय म्हनाला असता, मॅडम?"

उषाला ते उत्तर माहीत होतं.

"अजून कोणाला माहीत आहे हे?" विजयाने विचारलं.

स्नेहा फळा पुसू लागली. "ते नाय सांगनार."

सर कामाला लागले. रविवारची परीक्षा पुढे ढकलली, सॉफ्टवेअर देणाऱ्या वसईच्या माणसाला फोन करून झापलं. विजयाला म्हणाले, "ताई, झालं गेलं. उद्यापासून या."

"उद्यापासून नाही, सर," विजया म्हणाली. किल्ल्या केबिनच्या टेबलावरच होत्या, त्या तिने पुन्हा हातात घेतल्या नाहीत. जाताना ती स्नेहापाशी थांबली. "मला सांगितलं असतंस तर दोघींनी मिळून कळवलं असतं ग त्यांना. आपलंच नाव झालं असतं."

स्नेहा रडली ती तेव्हा.

सॉफ्टवेअर दुरुस्त झाल्यावर पहिली परीक्षा झाली आणि निकालाचा कागद आला. स्नेहाला बासष्ट. राजनंदिनीला अठ्ठ्याहत्तर. मागच्या वेळी तिला अठ्ठ्याण्णव होते, आणि त्याआधी चौऱ्याऐंशी. राजनंदिनीचे वडील अणुकेंद्रात इंजिनीअर, उषाच्याच कॉलनीतले. ते अठ्ठ्याण्णव बघून उषाने गोल करून बाजूला शाबासकी लिहिली होती. स्नेहाच्या शहाण्णवाच्या बरोब्बर तीन ओळी वर. तिने रजिस्टर काढलं. राजनंदिनीही त्या रविवारी एक खुर्ची पुढे बसली होती. सुजित नावाचा मुलगाही.

उषा फोन हातात घेऊन बसली. राजनंदिनीच्या आईचा नंबर समोर होता. संध्याकाळी कॉलनीत फिरायला त्या दोघी बरोबरच जात. मग तिने फोन ठेवून दिला. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? मुलांची परीक्षा तोंडावर आहे."

हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

स्नेहा दोन आठवडे आली नाही. मग आली, पुन्हा शेवटच्या बाकावर बसली. पण आता ती प्रश्न विचारू लागली होती, रोखठोक, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायची. मार्चअखेर तिचे अडुसष्ट झाले, मग चौऱ्याहत्तर. दर वेळी उषा तिचे रफ कागद काढून बघायची. आकडेमोड ओळीनं, नीट असायची. तरी पुढच्या वेळी ती पुन्हा बघायचीच. ही सवय तिला सोडता येत नव्हती.

ऑगस्टमध्ये पालघरला कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दोघींची गाठ पडली. स्नेहाबरोबर एक काटकुळा माणूस होता, हातात दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरलेली.

"कॉम्प्युटर मिळालं, मॅडम. नवी मुंबईला," स्नेहा म्हणाली. "हे बाबा."

भिकाने हात जोडले. "तुमी शिकवलं व्हय हिला? लय उपकार झाले."

उषाला ते जोडलेले हात सहन होईनात. "उपकार कसले? मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता."

भिकाने मुलीकडे बघितलं. "केली व्हती का?"

"एक रविवार, बाबा. त्याच्या आदी नुसतं बघितलं व्हतं. नंतर नाय."

भिकाने हातातली पिशवी सावरली. "मंग आळ खराच की."

"तिच्यावरचा थोडा खरा," उषा म्हणाली. "दुसऱ्या एका बाईवर घेतला तो अख्खा खोटा होता."

"तिला भेटला का मंग?"

उषा भेटली नव्हती. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत बेटेगाव काही लांब गेलं नव्हतं, पण ती गेली नव्हती.

त्याच दिवशी ती बोईसरला उतरून रिक्षाने बेटेगावला गेली. विजयाच्या घरी ओट्यावर तिची सासू गोजराबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

"कोन तुमी?"

"उषा घोरपडे. क्लासमध्ये शिकवते."

म्हातारीचे हात थांबले. नाव तिला माहीत असावं. "आता काय ऱ्हायलंय इचारायचं?" मग शेंगांचं सूप जवळ ओढत म्हणाली, "बसा. कंपनीतून यील साडेपाचला."

उषा ओट्याच्या कडेला बसली. पाऊण तास म्हातारी तिच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि आतही गेली नाही.

विजया आली ती डब्याची पिशवी खांद्याला लावून. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती आता कॉम्प्युटरवर काम करत होती. उषाला बघून ती अंगणातच थांबली.

"मी चुकले," उषा म्हणाली. यायच्या वाटेवर तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच आलं. "तुम्ही तसं काही केलं नव्हतं. मला तसं वाटायला काही कारणही नव्हतं."

"कारण होतं की मॅडम. तुम्हाला ते माहितीये आणि मलाही." विजयाने चप्पल काढली. "राजनंदिनीचे मार्क पडले म्हणे नंतर. तिला बोलावलंत केबिनमध्ये?"

"नाही."

"तिच्या आईला सांगितलंत?"

"नाही."

विजयाने मान हलवली, जणू एखाद्या मशीनचा बिघाड नेमका कुठे आहे हे सापडलं होतं. मग तिने विचारलं, "स्नेहाचं काय झालं?"

"कॉम्प्युटर मिळालं. नवी मुंबई."

विजयाचा चेहरा उजळला. ती पटकन सासूकडे वळून म्हणाली, "आई, पोरीला कॉम्प्युटर मिळाला!" गोजराबाई बोळक्या तोंडाने हसली. दोघी आपसात बोलू लागल्या, वसतिगृह मिळालं असेल का, पहिल्या वर्षाची पुस्तकं कोणाकडे असतील, आणि काही वेळ उषा तिथे बसली आहे हे त्या विसरूनच गेल्या.

मग विजया आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. उषा पाणी प्यायली. चहाचं कोणी विचारलं नाही. ती उठली, चप्पल घातली आणि रिक्षा मिळेल म्हणून मोठ्या रस्त्याकडे चालू लागली.